नववी चिठ्ठी

४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र सोमवारी पोचलं. लाँड्रीतल्या मोठ्या इस्त्रीचा हाताला चटका बसला हे तू तिसऱ्या पानावर, तेही कंसात लिहिलंस. अशा गोष्टी पहिल्या ओळीत लिहाव्यात. मलम लावतेस ना?

मुंगीची काळजी करू नकोस. तुझ्या लेकीला मी परवा अगदी शेजारी बसून पाहिलं. आमच्या विद्यापीठात समता सप्ताह चालू आहे. फाटकापासून ग्रंथालयापर्यंत फलक लागलेत, सगळ्यांवर हसणारी मुलं. व्याख्यानं झाली, एक प्रदर्शन झालं आणि परवा 'ऐकण्याची सभा' होती. आडनावावरून, बोलण्यावरून, कुठून आलो त्यावरून इथे काय सोसावं लागलं ते मुलांनी निनावी चिठ्ठीवर लिहायचं आणि विद्यापीठाने त्या चिठ्ठ्या कायमच्या जपायच्या, अशी कल्पना. कायमचं जपणं म्हणजे अभिलेखागार, आणि अभिलेखागार म्हणजे मी. तळघरातल्या त्या खोलीत एकोणीस वर्षं काढली, पण कार्यक्रमात कुणी खुर्ची देऊन बसवलं ते आत्ता.

आम्ही बावीस जण गोल करून बसलो होतो. समता कक्षाच्या प्रमुख बाईंनी नियम सांगितला. चिठ्ठी प्रत्येकाने टाकायची, लिहायचं नसेल त्याने कोरी टाकायची, म्हणजे लिहिणारा कोण ते कळणार नाही. आधी हजेरीच्या सह्यांचा कागद फिरला, त्याच्यामागून पेटी. मुंगी माझ्या डाव्या हाताला होती. ठरल्याप्रमाणे आम्ही ओळख दाखवली नाही. माझ्या हातून पेटी घेताना ती "थँक्यू मॅडम" म्हणाली, आणि इतकं परकं म्हणाली की मलाच क्षणभर वाटलं, ही कोण? तिने बराच वेळ लिहिलं होतं. मी कोरी टाकली. त्याचं घरी आल्यावर वाईट वाटत राहिलं.

पेटी उंच आणि अरुंद आहे, त्यामुळे चिठ्ठ्या आत एकीवर एक आडव्या बसतात. मी थप्पी तशीच पालथी करून काढली, आल्या त्या क्रमाने प्रत्येकीच्या पाठीमागे पेन्सिलीने बारीक आकडा घातला, हजेरीचा कागद वर ठेवला आणि सुती फीत बांधून कपाटात ठेवली. आलेला क्रम मोडायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला धडा. दुपारी कुलसचिव स्वतः खाली उतरले. कर्मचाऱ्यांत त्यांना 'मधाचं बोट' म्हणतात. तीन वर्षांत कुणाचंही काम त्यांनी नाकारलेलं नाही आणि केलेलंही नाही. "सगळ्या क्रमाने आहेत ना?" त्यांनी विचारलं. आल्या तशाच आहेत, मी म्हटलं. असं काम आता कोण करतं, असं म्हणून ते गेले. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

हे पत्रही नेहमीप्रमाणे जेवणाच्या सुट्टीत टेबलावर लिहिलंय. तिकीट माझं, टपालाची थैली कार्यालयाची.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ताई,

चटका भरत आलाय. चाळीस वर्षांच्या बाईला मलम लावतेस का विचारणारी तू जगात एकटीच. तुझ्या पाकिटावरचा जावक क्रमांक बघून पोस्टमन म्हणाला, बाई, खटला चालू आहे का कुठे? मी म्हटलं, बहीण आहे, प्रेमसुद्धा नोंद करून पाठवते.

मुंगीचा रविवारी फोन आला होता. म्हणाली, आई, मी लिहिलं एकदाचं, छातीवरचा धोंडा उतरला. काय लिहिलंस म्हटलं तर सांगेना. मावशी शेजारी होती आणि शेजारी नव्हतीसुद्धा, असं म्हणून हसली. तिचं ते हसणं मला आवडलं नाही. ओळख न दाखवण्याचं मुंगीच्या भल्यासाठी ठरवलंय, वशिल्याची म्हणतील, असं तू म्हणतेस. असेलही. पण लग्नात तुला वजनदार आडनाव मिळालं आणि माहेरचं तू ट्रंकेत घालून ठेवलंस. आमचं आडनाव ऐकलं की तुमच्या तिथले लोक खुर्ची जरा मागे सरकवतात. मी लग्नानंतरही तेच ठेवलं, आणि मुंगी तेच घेऊन रोज वर्गात जाते. असो. हे भांडण जुनं आहे.

मला दुसरंच विचारायचंय. आमच्याकडे हॉस्पिटलच्या चादरी येतात. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात आम्ही शाईने नंबर घालतो. का? तर शेकड्याने चादरी एकत्र धुतल्या तरी कुठली कुठल्या वॉर्डाची ते कळावं म्हणून. ज्या कुणाच्याच नसतात, त्या फडक्यांना आम्ही नंबर घालत नाही. तुझ्या त्या चिठ्ठ्या कुणाच्याच नाहीत असं ठरलं होतं ना? मग नंबर कशाला घातलास?

तुमच्या कामात असेल काही पद्धत. मी आपलं सहज विचारलं.

धाकटी


१७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझा प्रश्न वाचून आधी राग आला. सरळ उत्तर लिहायला बसले की कागदांचा अर्थ त्यांच्या क्रमात असतो, क्रम गेला की उरते ती रद्दी. अर्धं पान लिहून झालं आणि हात थांबला. कपाट उघडलं. माझी कोरी चिठ्ठी शोधली. पाठीवर आठ. हजेरीच्या कागदावर माझी सही शोधली. आठवी.

सह्यांचा कागद आणि पेटी एकाच बाजूने फिरली होती. बावीस सह्या, बावीस चिठ्ठ्या. हे जुळवायला हुशारी लागत नाही, नुसतं बोट ठेवत जायचं. जे कुणाचंच नव्हतं ते मी बावीस जणांच्या नावावर करून ठेवलं, वर फीतही बांधली. लाँड्रीत जे पोरीसोरींना कळतं ते मला कळलं नाही, कारण मला माझ्या नीटनेटकेपणाचं कौतुक होतं.

मग मी नववी वाचली. वाचायला नको होती. मुंगीचं अक्षर मी तिच्या पाटीपासून ओळखते. तिने लिहिलंय: "प्रात्यक्षिक परीक्षा अकरा वाजता सुरू झाली. साडेदहाला मी तराजूची किल्ली मागायला सरांच्या खोलीत गेले तेव्हा गुणपत्रक टेबलावर भरून तयार होतं. आमच्यासारख्या आडनावांच्या सहाही जणांना एकच आकडा होता, एकोणीस. वीसला पास." सर म्हणजे तिचे विभागप्रमुख. सप्ताहाचं उद्घाटन त्यांनीच केलं होतं, बरं बोलले होते.

कुलसचिव काल पुन्हा येऊन गेले. चिठ्ठ्यांमध्ये काही गंभीर असेल तर दखल घ्यायला हवी, न्याय व्हायला हवा, म्हणाले. शब्द सगळे चांगले होते. मी मान डोलावली.

आकडे खोडायचं मनात आहे. दोन मिनिटांचं काम, खोडरबर टेबलावरच आहे. पण नोंद झालेल्या कागदाला एकोणीस वर्षांत मी हात लावलेला नाही. आज चांगल्या कारणासाठी खोडलं तर उद्या दुसरा कुणी त्याच्या चांगल्या कारणासाठी खोडेल, मग मी कुठल्या तोंडाने अडवू? दोन दिवस विचार करते. तू मुंगीला यातलं काही बोलू नकोस. उगाच घाबरेल.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

पत्र आत्ता मिळालं, उभ्यानेच लिहितेय, मशीन चालू आहे.

खोड. त्यात विचार कसला करतेस? स्वतःचं अख्खं आडनाव खोडलंस तेव्हा खोडरबर शोधत बसली नव्हतीस. हे लागेल तुला, लागू दे.

मुंगीला परवा समता कक्षात बोलावलं होतं. मनमोकळ्या गप्पा मारू, असं त्या बाई म्हणाल्या. चहा दिला. घरी कोण असतं, फी कोण भरतं, मन थाऱ्यावर असतं का, झोप लागते का, असं तासभर विचारलं. चिठ्ठीचा विषय एकदाही काढला नाही. निघताना म्हणाल्या, तुझ्याबद्दल आम्हाला फार काळजी वाटते. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत हिची जागा बदललेली. खिडकीजवळून थेट दाराशी, जिथे नळाला पाणी येत नाही.

आई, मला कसं निवडलं, बावीस जणांत, असं विचारत होती. मी काय सांगू तिला? मावशीने नंबर घातलाय?

धाकटी


२७ फेब्रुवारी

धाकटे,

उशीर झाला. मी शुक्रवारी खोडणार होते. गुरुवारी मला वरच्या मजल्यावर एका प्रशिक्षणाला बसवलं, विषय होता 'संवेदनशील कार्यालय'. खाली आले तर कपाटातलं चिठ्ठ्यांचं पुडकं नव्हतं. मागणीपत्र रीतसर होतं, कुलसचिवांची सही, वेळ सव्वाबारा. सोमवारी पुडकं परत आलं. चिठ्ठ्या बावीसच्या बावीस, क्रम तोच. पण मी सुती फीत बांधते, सपाट गाठ मारते, कागदाला वळ पडू नये म्हणून. परत आलं त्याला रबर होतं. आता मी आकडे खोडले काय आणि अंगावर गोंदवून घेतले काय, सारखंच.

मुंगी काल खाली आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. शिस्तपालन समितीची नोटीस हातात होती, सुरक्षित व्यासपीठाचा गैरवापर करून शिक्षकाविषयी खोटी माहिती पसरवणे. सहा मार्चला हजर राहायचं, आरोप सिद्ध झाल्यास नाव पटावरून कमी. शेवटच्या वर्षाला तीन महिने उरलेत. मी तिला सगळं सांगितलं, आकड्यांचं, माझ्या दोन दिवसांच्या विचाराचंही. ती रागावेल असं वाटलं होतं. "मावशी, लिहिलेलं खोटं असतं तर नंबराने काय बिघडलं असतं?" म्हणाली. "भीती त्यांना खरं लिहिल्याची आहे." मग टेबलावरचं माझं पाणी पिऊन गेली.

ती गेल्यावर मला मामा आठवले. मामा म्हणजे मुंगीच्या रसायन विभागाचे शिपाई, सगळेच त्यांना मामा म्हणतात. परीक्षेच्या गुणपत्रकाची एक प्रत सीलबंद पाकिटातून त्याच दिवशी माझ्याकडे जमा होते. मुंगीच्या परीक्षेच्या दिवशी मामांना दुपारी सुट्टीवर जायचं होतं, म्हणून ते पाकीट सकाळीच टाकून गेले होते. मी पोचपावती दिली होती. मी पावतीवर वेळ घालते. मामा थट्टाही करतात, मॅडम, सेकंद राहिले. पावतीपुस्तक काढून कार्बनची प्रत बघितली. पावती क्रमांक दोनशे बारा. 'रसायन विभाग, अंतिम वर्ष, प्रात्यक्षिक गुणपत्रक, सीलबंद. सकाळी १०.३५.' परीक्षा अकराची होती.

धाकटे, मी तीन वेळा वाचलं. ते सीलबंद पाकीट तर 'चौकशीसाठी' वर गेलंय, पण पावतीपुस्तक माझ्याकडे आहे. टेबलाच्या डाव्या खणात ठेवून कुलूप घातलंय. ज्या सवयीने मुंगीला अडकवलं तीच तिला सोडवेल असं दिसतंय. समितीपुढे मलाही बोलावलंय, हजेरीचा कागद खरा आहे एवढं सांगायला. ते सांगेन आणि पुस्तक उघडून ठेवेन. बऱ्याच दिवसांनी आज डबा पूर्ण खाल्ला.

ताई


३ मार्च

ताई,

हे पत्र टपालात टाकत नाही. मुंगी दोन दिवस आली होती, तिच्याच हाती देतेय. वाचून झालं की टेबलावर ठेवू नकोस.

तुझं शेवटचं पाकीट मी उन्हात धरून बघितलं. मग आधीची दोन काढली. दिवसभर मी काय करते? कापड भिजवते, वाळवते, कड बसवते. एकदा भिजून वाळलेली कड मला अंधारात बोटांनी कळते. सतरा तारखेच्या आणि सत्तावीसच्या, दोन्ही पाकिटांची जीभ वाफेने सोडवून परत चिकटवलेली आहे. नीट काम आहे, घाईचं नाही. कागदाला जिथे फुगा येतो तिथे वर काहीतरी जड ठेवून दाबलंय. चार तारखेचं स्वच्छ आहे.

तुझी पत्रं तू कार्यालयाच्या थैलीत टाकतेस. प्रत्येकाची नोंद करतेस, कुणाला, कधी. ताई, मुंगीला कसं निवडलं ते नंबराने कळलंच असतं, पण नववी मुंगीची, ती तुझी भाची, हे तू तुझ्या हाताने लिहून त्यांना दिलंस. आणि पावतीपुस्तक डाव्या खणात आहे हेसुद्धा.

मी ओरडत नाही. ओरडून झालं, मुंगीपुढे. ती म्हणाली, मावशीला बोलू नकोस, तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगावंसं वाटलं.

तिचा एकच निरोप आहे. तू समितीपुढे काहीही सांग, पण नववी चिठ्ठी तिची नाही असं सांगू नकोस. ती म्हणते, ती माझीच आहे.

धाकटी


९ मार्च

धाकटे,

मुंगीने तुझं पत्र मला जिन्यात दिलं. मी तशीच खाली पळाले. खणाला कुलूप होतं. पावतीपुस्तक आत होतं. पुठ्ठा, शिवण, सगळं जागेवर. उघडून पाहिलं नाही. तेव्हा उघडलं असतं तर सहा तारखेला मी मूर्खासारखी दिसले नसते. पण मला वाटलं, पुस्तक आहे म्हणजे पान आहे. कागदावर विश्वास ठेवायची सवय इतकी की कागद नसेल हे डोक्यात आलं नाही.

समितीची खोली मोठी आहे, लांब टेबल, पाण्याचे सात ग्लास झाकून ठेवलेले. भिंतीला सप्ताहाचा फलक टेकवून ठेवला होता, उलटा. समितीत पाच जण. कुलसचिव मधोमध, विभागप्रमुख डावीकडे. मुंगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एकटी बसली होती. प्रमुख बाईंनी तिला तीनदा "बेटा" म्हटलं.

हजेरीचा कागद माझ्यापुढे ठेवला. मी खरा आहे म्हटलं. मी पुढे काही बोलायच्या आत कुलसचिव म्हणाले, "आणि तुम्ही पावतीपुस्तकही आणलं असेल." मी ते तोवर कुणाला दाखवलं नव्हतं, साडीच्या पदराखाली धरलं होतं. त्यांनी हात पुढे केला. मी पुस्तक दिलं. त्यांनी शांतपणे पानं उलटली आणि माझ्याकडे फिरवलं. दोनशे अकरा. दोनशे तेरा. मध्ये शिवणीचा दोरा आणि एक बोटभर कागद, पट्टी लावून कापलेला, सरळ.

"इथे काय होतं, मॅडम?"

मी सांगितलं काय होतं. दहा पस्तीस म्हटलं. विभागप्रमुख हसले नाहीत, रागावले नाहीत, त्यांनी फक्त चष्मा पुसला. प्रमुख बाई म्हणाल्या, मानसिक ताण असला की आठवणी मागेपुढे होतात. तेव्हा माझं डोकं फिरलं म्हणायचं की ठिकाणावर आलं, मला कळत नाही. मी म्हटलं, पावतीचे दोन कागद असतात, कार्बन माझ्याकडे आणि मूळ ज्याने पाकीट आणून दिलं त्याच्याकडे, आणि मूळ पावती शाबूत आहे. मग कुलसचिवांनी कागदावर काहीतरी लिहिलं. एकच शब्द असावा.

पुढचं मी ठरवून केलं नाही. मी आठवी चिठ्ठी मागितली. कशाला, असं विचारलं. ती कोरी चिठ्ठी माझी आहे आणि ती भरायची राहिलीय, असं सांगितलं. तिथेच उभ्याने तिच्यावर आपलं माहेरचं आडनाव लिहिलं, खाली लिहिलं, 'नववी चिठ्ठी लिहिणारी माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे. एकोणीस वर्षं मी हे आडनाव इथे लपवलं, कारण ते लपवल्यावर काय काय मिळतं ते मी रोज पाहत होते.' अक्षर वाईट आलं. चिठ्ठी टेबलावर ठेवली. आपलं आडनाव वाचताना विभागप्रमुखांची खुर्ची जरा मागे सरकली. तू म्हणतेस तेवढीच, दोन इंच.

मुंगीने मान वर केली आणि सगळ्यांसमोर मला मावशी म्हणाली. एवढंच, पुढे काही नाही.

निर्णय सोळा तारखेला. तोवर तिला प्रयोगशाळेत प्रवेश नाही. माझ्या खोलीला काल दुसरं कुलूप लागलंय, पहिल्याच्या वर. किल्ली मला मागून घ्यावी लागते, मागितली की हसून देतात.

आता हे पत्र. ते मी मुद्दाम कार्यालयाच्या थैलीत टाकतेय, जावक नोंदवहीत नोंद करून. सोळाच्या आत ते वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे. जे कुणी वाचत असतील त्यांना: मूळ पावती इमारतीत नाही. सुरक्षित हाती निघालीय. मुंगीचं नाव पटावरून कमी झालं तर ती पावती जिथे जायला हवी तिथे जाईल. धाकटे, ती कुणाकडून आणि कधी येणार ते इथे लिहीत नाही, मुंगीने तुला सांगितलंच असेल. पाकिटाची कड बघ आणि कळव. या वेळी तिच्यावर तुझी बोटं फिरतील तेव्हा मला भीती नाही वाटणार.

पाठवणाऱ्याच्या जागी माहेरचं आडनाव घातलंय. पोस्टमनला सांग, खटला चालू आहे.

ताई


१४ मार्च

ताई,

पाकीट आज सकाळी मिळालं. मागचं आडनाव वाचून मी दारातच बसले. मग कड बघितली. खिडकीशी नेऊन बघितली, बोटांनी बघितली, लाँड्रीत नेऊन दिव्याखाली बघितली. या वेळी ती एकदाच चिकटलेली आहे. तुझ्या थुंकीने. कुणी उघडलेलं नाही.

मी दोन तास विचार करत होते की हे चांगलं की वाईट. आधी वाटलं, घाबरले, सोडून दिलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. समितीपुढे तू म्हणालीस ना, मूळ पावती पाकीट आणून देणाऱ्याकडे असते आणि ती शाबूत आहे. ताई, पाकीट कुणी आणून दिलं ते तिथे कुणाला ठाऊक नव्हतं? विभागाला शिपाई एकच आहे. जे हवं ते तू तोंडाने सांगितलंस. मग तुझं पत्र ते कशाला उघडतील?

मुंगी फोनवर म्हणाली होती, मामा पावती घेऊन गुरुवारच्या दुपारच्या गाडीने येतील, राखाडी पिशवी, कानाला मफलर. मी गुरुवारी स्टँडवर उभी राहिले, चारही गाड्या बघितल्या. शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकून पुन्हा गेले. आज जाऊन आले. मामांच्या घरी मुंगी विचारायला गेली तर त्यांची बायको म्हणाली, बुधवारी विद्यापीठातून गाडी आली होती, निवृत्तीच्या कागदांवर सह्या राहिल्यात म्हणून घेऊन गेले, मामा आनंदाने गेले. तिने चहा ठेवला होता म्हणे, ते परत येऊन पिणार होते.

मी आज दुपारच्या गाडीने निघतेय. आपण तिघी आधी मामांच्या घरी जाऊ, मग सोळाला त्या खोलीत. मला बोलावलेलं नाही, पण मुलगी माझी आहे आणि आडनावही माझंच आहे. चादरीच्या गठ्ठ्यात तुझी सगळी पत्रं बांधून घेतलीत, वाफेने उघडलेल्या पाकिटांसकट. कड कशी ओळखायची ते मी त्यांना दाखवीन.

हे पत्र टाकत नाही, बरोबर आणतेय. फाटकाशी उभी राहीन. ओळख दाखव.

धाकटी